चारचौघांपुढे गिटार वाजविण्याची तयारी
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



एखादा हौशी शिक्षक गिटार विकत घेतो. रात्री जेवणे आटोपली, वह्या तपासून झाल्या, की अर्धा तास तो वाद्य घेऊन बसतो. बोटांची टोके आधी दुखतात, मग निबर होतात. सहा-आठ महिन्यांत चार-पाच कॉर्ड हाताला बसतात आणि घरची माणसे कौतुक करू लागतात. पुढे शाळेचे स्नेहसंमेलन येते. मुख्याध्यापक म्हणतात, "गुरुजी, यंदा समूहगीताला पेटी नको, तुमची गिटार होऊ द्या." गुरुजी भिडेखातर होकार देतात.

त्या दिवशी समोर गावकरी बसलेले असतात, पहिल्या रांगेत सरपंच आणि पाहुणे असतात, आणि बाजूला चाळीस मुले ओळीने उभी असतात. पहिले कडवे नीट जाते. दुसऱ्या कडव्यात गुरुजींचे एक बोट भलत्याच तारेवर पडते. गुरुजी थांबतात, बोट जागेवर घेतात आणि ओळ पुन्हा आरंभापासून धरतात. मुले मात्र पुढे गेलेली असतात. निम्मी गुरुजींसाठी थांबतात, निम्मी तशीच गात राहतात, आणि गाणे मधल्यामध्ये मोडते. टाळ्या पडतात, कारण गाव दयाळू असते. परंतु व्यासपीठावरून खाली मान घालून उतरणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना वाटत असते की, चूक त्यांचीच झाली. गुरुजींची चूक होऊ शकते हे त्या वयाला पटतच नाही. पुढच्या वर्षी समूहगीतासाठी नावे विचारली म्हणजे त्यातील काही हात वर येत नाहीत. नुकसान होते ते येथे. गुरुजींच्या अब्रूचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे.

या गुरुजींच्या ठिकाणी ना बुद्धीची उणीव होती, ना मेहनतीची. त्यांनी एका कौशल्याचा अभ्यास केला आणि परीक्षा दिली दुसऱ्याच कौशल्याची. घरी वाजविताना चुकले की थांबावे, परत घ्यावे, सुधारावे, हीच अभ्यासाची रीत असते. सहा महिने रोज चुकल्यावर थांबण्याचा सराव झालेला असतो. मग सभेत चुकल्यावर हात थांबला, यात नवल ते कसले? हात शिकविल्याप्रमाणेच वागला. चारचौघांपुढे वाजविणे ही निराळी विद्या आहे आणि तिचा अभ्यास निराळा करावा लागतो.

त्या अभ्यासाचे पहिले कलम असे की, उजवा हात थांबता कामा नये. गिटारमध्ये डावा हात स्वर दाबतो आणि उजवा हात ताल राखतो. डाव्या हाताची चूक श्रोत्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. उजव्या हाताचा खंड मात्र तान्ह्या मुलालाही कळतो. म्हणून कॉर्ड चुकला तर चुकू द्यावा, तारा नुसत्या हलक्या हाताने झाकून ठोक्याचा आवाज चालू ठेवावा आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर योग्य कॉर्ड पकडावा. हे बोलायला सोपे आहे, पण आपोआप घडत नाही. त्यासाठी घरी मुद्दाम चुकण्याचा सराव करावा. केरवा धरून आठ मात्रांची आवर्तने वाजवीत राहावे आणि मधेच डावा हात दांडीवरून पार उचलून घ्यावा. उजवा हात चालूच ठेवावा, आणि दोन आवर्तनांनंतर डावा हात परत समेवर आणावा. दादऱ्याच्या सहा मात्रांतही असेच करावे. तबल्याची तोंडओळख असलेल्या शिक्षकाला हे आठ दिवसांत साधते. ज्याला तालाची सवय नाही त्याने गिटार बाजूला ठेवून आधी टाळी धरून गाणे म्हणावे.

दुसरी गोष्ट कॉर्ड बदलण्याची. नवशिका कॉर्डचे आकार पाठ करतो; परंतु गाण्यात खरी अडचण येते ती एका आकारातून दुसऱ्यात जाताना. सी मेजरवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलवावे लागतच नाही, एकटी अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. तरीही पुष्कळ शिकणारे तिन्ही बोटे उचलतात आणि हवेत चाचपडतात. कोणते बोट जागेवर राहू शकते हे प्रत्येक जोडीपुरते शोधून वहीत लिहून ठेवावे. मग घड्याळ समोर ठेवून एक मिनिटात त्या जोडीचे किती बदल स्वच्छ होतात ते मोजावे. गाण्यात दर दोन सेकंदांनी कॉर्ड बदलत असेल, तर मिनिटाला तीस बदल लागतात. घरी चाळीसपर्यंत मजल गेली असेल, तरच सभेत तीस निभतील असे धरावे. जे वाजविणे घरी जेमतेम जमते ते सभेत जमत नाही. गीत निवडतानाही हाच हिशेब ठेवावा. एखाद्या अवघड गीताचा मोह होतो, विशेषतः शेजारच्या शाळेने ते बसविले असेल तर. तो मोह टाळावा.

जुन्या काळच्या दोन वादकांची हकीगत येथे सांगण्याजोगी आहे. योगायोग असा की, दोघांचा जन्म १८९३ सालचा आणि दोघांचा मृत्यू १९८७ च्या जून महिन्यातला. जन्मवर्ष आणि मृत्यूचा महिना सोडले तर दोघांत साम्य म्हणून काही नाही.

पहिला आंद्रेस सेगोव्हिया. स्पेनच्या लिनारेस गावी तो जन्मला. त्या काळी गिटार हे पियानो-व्हायोलिनच्या पंक्तीला बसणारे, मोठ्या सभागृहात ऐकण्याचे वाद्य समजले जात नसे. फ्रान्सिस्को तारेगा हा त्याच्या आधीच्या पिढीतील थोर वादक. पण त्यालाही मोठ्या सभेपेक्षा ओळखीच्या चार मित्रांची बैठकच मानवत असे. सेगोव्हिया बहुतांशी आपला आपणच शिकला. सोळाव्या वर्षी त्याने ग्रानादा येथे लोकांपुढे पहिला कार्यक्रम केला आणि तेथून पुढे नव्वदी ओलांडेपर्यंत तो वाजवीत राहिला. हजार-हजार लोकांच्या सभागृहात तो ध्वनिवर्धकाशिवाय वाजवी. व्यासपीठावर येऊन बसल्यावर तो लगेच आरंभ करीत नसे. सभागृह पुरते शांत होईपर्यंत हात तारांवर ठेवून वाट पाही. गिटारचा आवाज लहान आहे. तो वाढविण्यासाठी तारा ओरबाडल्या तर आवाज फुटतो. त्यापेक्षा श्रोत्यांचा आवाज कमी होऊ द्यावा हे त्याने ओळखले होते. ज्या शिक्षकाला गोंधळलेला वर्ग आवाज न चढविता शांत करता येतो, त्याला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

सेगोव्हियाच्या उमेदीच्या काळात गिटारला आतड्याच्या तारा असत. त्या हवेप्रमाणे सैल होत, तुटतही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारांची टंचाई पडली आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन याने सेगोव्हियाच्या साह्याने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. शाळेसाठी वाद्य घ्यावयाचे असल्यास नायलॉनच्या तारांचेच घ्यावे हे बरे, कारण पोलादी तारांपेक्षा त्या बोटांना मऊ लागतात आणि पुढेमागे मुलांच्या हाती वाद्य देणे सोपे जाते. मात्र पोलादी तारांसाठी बांधलेल्या गिटारला नायलॉनच्या तारा लावू नयेत, आणि नायलॉनच्या गिटारला पोलादी तर मुळीच लावू नयेत. त्या ताणाने घोडी उखडते.

दुसरी वादक एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका गरीब काळ्या कुटुंबात ती वाढली. भाऊ घरी नसला म्हणजे त्याचा बॅन्जो ती चोरून काढी. मुलगी डावखुरी आणि वाद्य उजव्या हाताचे. शिकविणारे कोणी नाही. तिने वाद्य सरळ उलटे धरले आणि तसेच ती वाजवू लागली. त्यामुळे इतरांचा अंगठा जेथे जाड तारांवर ठोका धरतो तेथे तिची बोटे ते काम करीत आणि अंगठा पातळ तारांवर चाल वाजवी. लोकांच्या घरी काम करून महिन्याला पाऊण डॉलर मिळत असे, त्यातून साठवून तिने पावणेचार डॉलरची पहिली गिटार घेतली. अकरा-बारा वर्षांच्या वयात तिने रचलेले आगगाडीवरचे गाणे पुढे जगभर गेले. परंतु मधे एक मोठी पोकळी आहे. चर्चमधील वडीलधाऱ्या मंडळींनी सांगितले की, असली लौकिक गाणी देवाच्या भक्ताला शोभत नाहीत. लग्न झाले, संसार आला, आणि गिटार सुटली. ती काही दशके सुटलेलीच राहिली.

पुढे वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात ती नोकरीला असताना एक हरवलेली मुलगी तिला सापडली. तिने ती मुलगी आईच्या स्वाधीन केली. ती आई म्हणजे संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. मुलांची लोकगीते गोळा करून, बालवाडीत ती गाऊन पाहून, १९४८ साली तिने पालकांना व शिक्षकांना उपयोगी पडणारा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्या घरी कॉटन कामाला राहिली. भिंतीवर टांगलेली गिटार, आजूबाजूला कोणी नसताना, तिने एके दिवशी खाली घेतली. हाताला सगळे आठवत होते असे नाही. परंतु पुष्कळ आठवत होते. घरातील मुलांनी ते ऐकले, आणि त्यांच्यापैकी माइक सीगरने तिचे वादन ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी १९५८ साली निघाली. १९६० च्या सुमारास, म्हणजे सदुसष्टीच्या घरात, ती प्रथम सभेपुढे बसली. त्यानंतरही काही वर्षे तिचे घरकाम चालूच होते. १९८५ साली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे ती लहानपणच्या गोष्टी सांगत असे. त्या गोष्टींनी श्रोते जवळ येत आणि तिचे स्वतःचे हातही सैल होत असावेत.

कॉटनबाईंची पद्धत कोणत्याही वर्गात चुकीचीच ठरली असती. शाळेत डावखुरे मूल वाद्य उलटे धरू लागले, तर ते हिसकावून सरळ करण्यापूर्वी शिक्षकाने थोडे थांबावे. आणि वडीलधाऱ्यांच्या एका वाक्याने किती वर्षे गप्प राहता येते, हेही या बाईंच्या आयुष्यात दिसतेच.

आता सुराच्या पट्टीविषयी. समूहगीत फसण्याचे हे सर्वांत मोठे व सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. पुरुष शिक्षक आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, ती बहुधा काळी एक किंवा तिच्या आसपासची असते. लहान मुलांना ती खाली पडते. मग मुले कुजबुजल्यासारखी गातात आणि "मोठ्याने म्हणा" असा हुकूम सुटला की ओरडतात. दोष मुलांचा नसतो. गिटारवर याला सोपा उपाय आहे. जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड येत असले, तर जी हा षड्ज, सी हा मध्यम आणि डी हा पंचम होतो. पुष्कळशी प्रार्थना-गीते व बडबडगीते या तिघांवर निभतात. उघड्या तारांवर हे आकार वाजविले की पांढरी पाच पट्टी मिळते. पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा बसविला आणि तेच आकार वाजविले, तर काळी चार मिळते. तिसऱ्या पडद्यावर बसविला तर काळी पाच. बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. तालमीला आधी मुलांना वाद्याशिवाय मोकळे गाऊ द्यावे, ती आपसूक कोणत्या पट्टीत जातात ते पेटीवर पाहावे आणि कॅपो तेथे बसवावा. गुरुजींना त्या पट्टीत गाता येत नसेल तर त्यांनी गाऊ नये, वाजवावे.

आरंभ करून देणे हेही साथीदाराचेच काम. षड्जाची तार छेडून मुलांना स्वर द्यावा, तो त्यांनी गुणगुणून घ्यावा, आणि मग ज्या लयीत गाणे जायचे त्याच लयीत "एक, दोन, तीन, चार" अशी मोजणी करावी. ही मोजणी घाईत होते आणि पुढचे सारे गाणे घाईत जाते. सभेपुढे काळीज जलद चालत असते, त्यामुळे नेहमीची लयही वादकाला संथ भासते व तो नकळत ती वाढवितो. म्हणून मोजण्यापूर्वी गाण्याची सर्वांत दाट शब्दांची ओळ मनात एकदा म्हणावी. ती ओळ मुलांना स्पष्ट उच्चारता येईल, तीच लय.

भीतीविषयी पुष्कळदा असे सांगतात की, सवयीने ती जाते. हे अर्धेच खरे आहे. स्पेनचा जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्स १९०१ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरावर फिरायला गेला असता एक दगड घरंगळत येऊन त्याच्या डाव्या हातावर आदळला. पुढे त्याने स्वतःच कबूल केले की, त्या क्षणी त्याच्या मनात पहिला विचार सुटकेचा आला, आता पुन्हा लोकांपुढे वाजवावे लागणार नाही. हात बरा झाला आणि तो नव्वदीपलीकडे वाजवीत राहिला; पण भीती जन्मभर सोबतीला होती. तेव्हा भीती आली म्हणजे तयारी कमी पडली असे समजू नये. हात गार पडतात, तळव्यांना घाम येतो, तोंड कोरडे पडते; हे शरीराचे धर्म आहेत. गार हात कोमट पाण्यात धरून कोरडे करावेत, श्वास सावकाश सोडावा, आणि पहिली चार आवर्तने इतकी सोपी ठेवावीत की झोपेतही वाजवावीत.

भीतीची पायरी-पायरीने ओळख करून घेणे मात्र शक्य आहे. कार्यक्रमाच्या महिनाभर आधीपासून दर आठवड्याला एकदा 'खरे' वादन करावे. खरे म्हणजे एकदाच. उठून बाहेर जावे, आत यावे, नमस्कार करून बसावे, आरंभापासून शेवटपर्यंत वाजवावे, आणि काहीही झाले तरी परत सुरू करू नये. पहिल्या आठवड्यात समोर कोणी नसले तरी चालेल, मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. आपले वादन ऐकले जाणार एवढ्या जाणिवेनेही हात बदलतो. दुसऱ्या आठवड्यात घरचे एक माणूस, तिसऱ्यात शाळेतील चार सहकारी, चौथ्यात एक वर्ग. सहकाऱ्यांपुढे वाजविणे सर्वांत कठीण जाते असा पुष्कळांचा अनुभव आहे. म्हणून ती पायरी गाळू नये. गाणे केवळ पहिल्या ओळीपासून पाठ असणे हा एक धोकाच आहे. कोणी म्हणावे "तिसरे कडवे" आणि तेथून हात सुरू व्हावा, अशी पाठांतराची तयारी हवी.

कार्यक्रमाच्या दिवसाची कामे थोडी आहेत. नव्या तारा त्याच दिवशी चढवू नयेत. त्या ताणल्या जाऊन तासाभरात उतरतात. चार-पाच दिवस आधी चढवून रोज जुळवाव्यात. जुळविण्याचे यंत्र असले तरी कानाने जुळविता आले पाहिजे, कारण यंत्राचा सेल नेमका त्याच दिवशी संपतो. सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्यावर पाचवी तार मिळते, पाचवीच्या पाचव्यावर चौथी, चौथीच्या पाचव्यावर तिसरी. तिसरीच्या मात्र चौथ्या पडद्यावर दुसरी, आणि दुसरीच्या पाचव्यावर पहिली. मंडपात उन्हाची तिरीप येत असेल तर वाद्य तेथे ठेवू नये. खुर्ची बिनहाताची असावी. हातांची खुर्ची आली की कोपर अडते, आणि मंडपवाल्याकडे बहुधा तसल्याच असतात, तेव्हा वर्गातील स्टूल बरोबर न्यावे. ध्वनिवर्धक असल्यास तो गिटारच्या मधल्या भोकासमोर ठेवू नये, नुसता घुमतो. दांडी जेथे पेटीला मिळते त्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवावा. मुलांना वादकाच्या पाठीमागे उभे करू नये. वादकाचा चेहरा आणि उजवा हात मुलांना दिसेल, अशी अर्धवर्तुळात उभी करावीत. मुले पुढे गेली तर वादकाने मुलांबरोबर जावे. मुलांना परत ओढू नये.

कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री वहीत चार ओळी लिहाव्यात: लय कशी राहिली, हात कोठे अडखळला, मुले कोठे वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी वाद्य वर्गात न्यावे. मुलांनी हात धुऊन यावे आणि एकेकाने तारांना हात लावून पाहावा. लहान बोटांना पूर्ण कॉर्ड दाबत नाही, त्याची सक्ती करू नये. गुरुजींनी किंवा एखाद्या मोठ्या मुलाने कॉर्ड दाबावा आणि दुसऱ्या मुलाने उजव्या हाताने ताल धरावा, बाकीच्या वर्गाने गावे. आदल्या दिवशी जे कडवे मोडले असेल, त्याच कडव्यापासून सुरुवात करावी.